ओढ्यातल्या किड्यांचे वजन

उभ्या पिकाचा अंदाज बांधायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. बांधावर उभे राहून, दोन कणसे हातात घेऊन, "एकरी सात-आठ पोती निघेल" असे सांगणारे म्हातारे गावोगाव आहेत, आणि त्यांचा अंदाज आमच्या कागदावरच्या आकड्याला फारसा चुकत नाही. म्हशीच्या कासेकडे बघून दूध सांगणाऱ्या बायका तर मी घरातच पाहिल्या आहेत. पण गावाजवळून वाहणाऱ्या ओढ्यात जिवंत माल किती आहे, हे कुणी सांगेल का? मासा नव्हे, माशाचे खाणे. दगडाखाली चिकटून बसलेले ते बारीक बारीक किडे. ते मोजायचे कसे आणि मोजून करायचे काय?

मला हा प्रश्न पडला तो एका काकींमुळे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरउतारावर त्यांचे गाव आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत मी तिथे टोमॅटोचा प्लॉट बघायला गेलो होतो. चहा ठेवता ठेवता काकी म्हणाल्या, "साहेब, ह्या वड्यात आता काय बी ऱ्हायलं न्हाई. पोरं गळ टाकून बसत्यात, हाताला घावत न्हाई. वरल्या आळीची मानसं म्हनत्यात तुमी इख टाकलं. आमी म्हनतो त्यांनी टाकलं. खरं कुनाचं?"

मी बाहेर आलो तर त्यांचा मुलगा ओढ्याच्या कडेला बसून पाठीवरचा पंप विसळत होता. मी त्याला हटकले. तो हसून म्हणाला, "साहेब, तुमीच तर दाखवलं हुतं."

त्याचे म्हणणे खरे होते, म्हणून ती हकिगत आधी सांगतो.

१९९७ साली मी नोकरीत नवा होतो. याच गावात, याच ओढ्याच्या काठी, फवारणीचे प्रात्यक्षिक घेतले होते. औषध एन्डोसल्फान. त्या काळी ते सर्रास वापरात होते. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर बंदी घातली. औषध किती, पाणी किती, नोझल कोणते, वाऱ्याची दिशा कशी बघायची, हे सगळे मी नीट सांगितले आणि शेवटी सगळ्यांच्या देखत पंप ओढ्यात बुडवून स्वच्छ धुतला. वस्तू जागच्या जागी धुऊन ठेवावी, ही त्यामागची शिस्त! थोड्या वेळाने खालच्या डोहात मासे पांढरे पोट वर करून तरंगू लागले. त्यांच्याबरोबर पाण्यावरून कोंड्यासारखे काहीतरी वाहत चालले होते. ते किडे होते. आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा पळत जाऊन मासे गोळा करू लागला. मी ते त्याच्या हातून हिसकावून घेतले आणि खड्डा खणून पुरले. तो पोरगा रडत घरी गेला. तो हाच, काकींचा मुलगा. मासे हिसकावल्याचे तो विसरला. पंप कुठे धुवायचा ते मात्र नीट ध्यानात ठेवले.

त्याला मी काय बोलणार? त्या दिवशी मनाशी ठरवले की या ओढ्याचा हिशोब लावायचा. तो लावताना जे शिकलो ते इथे सांगतो आहे. प्रयोगशाळेची माणसे हे काम काटेकोर यंत्रांनी करतात. आम्ही ते परात, ओढणी आणि आलेख कागदावर केले. पण पद्धत तीच.

पीक कापणीसारखेच

आमच्या खात्यात पीक कापणी प्रयोग असतो, तो आपण पाहिला असेल. सगळे शेत कापून वजन करता येत नाही, म्हणून ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढाच कापतात, झोडपतात, वजन करतात आणि त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढतात. तुकडा कुठे आखायचा हे शेतकरी ठरवत नाही आणि आम्हीही ठरवत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखा आकडा काढून ती जागा ठरते. नाहीतर शेतकरी खराब कोपरा दाखवतो आणि अधिकारी रस्त्याकडेचा चांगला.

ओढ्यातही हेच करायचे. सर्बर नावाच्या अमेरिकन मत्स्यतज्ज्ञाने १९३० च्या दशकात एक साधी चौकट काढली. एक फूट लांब, एक फूट रुंद, आणि तिच्या मागे पाण्याच्या प्रवाहात फुगणारी जाळीची पिशवी. चौकट ओढ्याच्या तळावर ठेवायची. आतला एकेक दगड उचलून पिशवीच्या तोंडाशी हाताने चोळायचा, खालची वाळू ढवळायची. सुटलेले किडे प्रवाहाबरोबर पिशवीत जातात. जगभर आजही हीच चौकट वापरतात. हल्ली तीस सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटरची करतात. अशा अकरा चौकटी ठेवल्या की साधारण एक चौरस मीटर भरतो.

आमची चौकट गावच्या सुताराने करून दिली. जाळीला आधी मच्छरदाणीचे कापड लावले, आणि पहिल्याच दिवशी चूक कळली. त्याच्या भोकांतून बारीक पिल्ले निसटून जातात. मग काकींनी जुनी नायलॉनची ओढणी दिली. जाळी फार बारीक असली तर गाळाने तुंबते आणि पाणी बाजूने वळसा घालून निघून जाते, तेव्हा मधूनमधून ती झटकावी लागते. अगदी भाताच्या कोंड्याची चाळण!

पिशवीतला माल पांढऱ्या परातीत थोड्या पाण्यात ओतला की मौज दिसते. आधी नुसता काडीकचरा वाटतो. मग एकेक काडी चालू लागते. शेपटीला दोन किंवा तीन लांब केस आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारी पिसासारखी कल्ली असलेले चपळ किडे, ती मेफ्लायची पिल्ले. बारीक खडे एकमेकांना चिकटवून त्याचे घर अंगावर वागवणारी किंवा दगडावर कोळ्यासारखे जाळे विणून बसणारी अळी, ती कॅडिसची. दोन शेपट्यांची, चपट्या अंगाची आणि दुसऱ्यांना खाणारी ती स्टोनफ्लाय. चतुराची पिल्ले सगळ्यांना ओळखता येतात, कारण जवळ काही हलले की त्यांचा खालचा ओठ हातासारखा झेप घेतो. नाण्यासारखा गोल, दगडाला घट्ट चिकटलेला एक किडा असतो. पोरे त्याला नखाने सोलून काढतात. आणि लाल दोऱ्यासारख्या वळवळणाऱ्या त्या रक्तअळ्या. यातल्या बहुतेकांना मराठी नाव नाही, याचे मला वाईट वाटते. आपल्या माशांना नावे आहेत. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन छापले, तेव्हा दगडावरचे शेवाळ खरवडणाऱ्या एका माशाला त्याने इथल्या लोकांचेच 'मळ्या' हे नाव शास्त्रीय नावात घालून दिले. किड्यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

आता वजनाचे

मोजणे सोपे आहे. पण नुसती संख्या उपयोगाची नाही. दहा शेळ्या आणि दहा म्हशी यांना 'वीस जनावरे' म्हटले तर चाऱ्याचा हिशोब लागेल का? म्हणून शास्त्रज्ञ वजन काढतात. त्याला ते बायोमास म्हणतात, मराठीत जैवभार. तेही ओले वजन नव्हे, सुके. ओल्या किड्याच्या अंगावर किती पाणी चिकटले आहे यावर काटा हलतो. ओले धान्य आणि वाळलेले धान्य यातला फरक आपल्याला ठाऊकच आहे. किडे साठ अंश उष्णतेच्या भट्टीत एक-दोन दिवस वाळवतात आणि थंड करून, मिलिग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर तोलतात. तांदळाचा एक दाणा वीस-पंचवीस मिलिग्रॅम भरतो. आपले किडे त्याच्याही कितीतरी हलके. खड्यांचे घर करणारी अळी तोलायची तर आधी घरातून बाहेर काढावी लागते, नाहीतर आपण खडेच तोलतो.

इतका नाजूक काटा गावात कुठून आणायचा? आणि एकेका नमुन्यात शेकडो किडे असतात. ते वाळवून तोलले की ते संपले, पुन्हा बघायला उरत नाहीत. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या किड्यांचे वजन तर घटते, कारण अंगातला अंश स्पिरिटमध्ये उतरतो. लांबीत मात्र त्या मानाने फार फरक पडत नाही. यातूनच एक तोड निघाली. थोड्या किड्यांची लांबी आणि वजन दोन्ही एकदा नीट काढायचे, त्यांचे नाते बसवायचे, आणि मग पुढच्या सगळ्या किड्यांची फक्त लांबी मोजायची. जनावराच्या छातीचा घेर आणि लांबी टेपने मोजून आपण वजनाचा अंदाज करतो ना, तेच हे.

नाते असे आहे. गुळाचा चौकोनी खडा घ्या. त्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर वजन दुप्पट होत नाही, आठपट होते. किड्याचेही जवळजवळ तसेच. फक्त तो वाढताना लांबीच्या मानाने जाडी किंचित मागे राहते, म्हणून आठच्या ऐवजी सातपट धरा. अमेरिकेतील आर्थर बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली उत्तर अमेरिकेतल्या ओढ्या-नद्यांच्या किड्यांची अशी सूत्रे एकत्र करून छापली. त्यातले मेफ्लायचे सर्वसाधारण सूत्र असे : लांबी मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिचा २.८३२ हा घात काढायचा आणि ०.००७१ ने गुणायचे. उत्तर सुक्या मिलिग्रॅममध्ये येते.

आकडेमोडीला घाबरू नका, मी करून ठेवली आहे. २ मिलिमीटरचे पिल्लू ०.०५ मिलिग्रॅम. ४ चे ०.३६. ६ चे १.१. ८ चे २.६. १० चे ४.८ आणि १२ चे ८.१. म्हणजे लांबीने सहापट असलेला किडा वजनाने दीडशेपटीहून अधिक भरतो! रक्तअळीचे सूत्र निराळे. ती दोऱ्यासारखी बारीक असते, त्यामुळे ८ मिलिमीटरची असूनही जेमतेम ०.४ मिलिग्रॅम भरते. तेवढ्याच लांबीच्या मेफ्लायचा हा सहावा हिस्सा झाला. म्हणून आधी किडा कोणत्या घराण्यातला ते ओळखायचे, मग लांबी मोजायची. लांबी डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत. शेपटीचे केस आणि मिशा धरायच्या नाहीत. आम्ही काचेच्या तुकड्याखाली मिलिमीटरचा आलेख कागद ठेवला आणि शाळेतून भिंग आणले.

सरासरीचा खड्डा

इथे मी स्वतः पाय घसरून पडलो, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिल्या नमुन्यात मी वेळ वाचवायला सगळ्या मेफ्लायची सरासरी लांबी काढली, एका किड्याचे वजन काढले आणि संख्येने गुणले. चुकले! समजा दहा किडे आहेत. नऊ २ मिलिमीटरचे आणि एक १२ चा. सरासरी लांबी ३. त्या लांबीच्या किड्याचे वजन ०.१६, गुणिले दहा, म्हणजे १.६ मिलिग्रॅम. आता नीट बघा. नऊ बारक्यांचे मिळून ०.४५ आणि एकट्या मोठ्याचे ८.१. खरी बेरीज साडेआठच्या वर. सरासरीने पाचातले चार हिस्से गिळून टाकले. कांद्याची प्रतवारी न करता ढीग विकला की कोण फायद्यात राहते, ते आठवा. म्हणून एकेक किडा मोजावा, निदान मिलिमीटरवार ढीग करावेत.

आता एका चौकटीचा नमुना हिशोब. समजा ६० किडे २ मिलिमीटरचे, २५ किडे ४ चे आणि ८ किडे ८ चे मिळाले. वजने अनुक्रमे ३, ९ आणि साडेवीस. एकूण साडेबत्तीस मिलिग्रॅम. त्यात त्या आठ मोठ्यांचाच वाटा जवळजवळ दोन तृतीयांश. अकराने गुणले की चौरस मीटरला सुमारे ०.३६ ग्रॅम. ओढा सरासरी तीन मीटर रुंद धरला, तर एक किलोमीटरच्या पट्ट्यात साधारण एक किलो सुका माल होतो. जिवंतपणी त्याचे पाचपट धरा, म्हणजे पाच किलो. सगळा ओढा मिळून पाच किलो!

हे ऐकून काकी म्हणाल्या, "पाच किलूत मासं जगत्यात व्हय? माझ्या कोंबड्या एका आठवड्यात तेवढं खात्यात."

शंका रास्त आहे, आणि ती फार मोठ्या शास्त्रज्ञांनाही छळून गेली. १९५१ साली न्यूझीलंडमध्ये ॲलन नावाच्या शास्त्रज्ञाने होरोकिवी या ओढ्याचा हिशोब मांडला. तिथले ट्राऊट मासे वर्षात जेवढे खात होते, ते तळातल्या किड्यांच्या वजनाच्या कितीतरी पट निघाले. म्हणजे कोठारात एक पोते आणि घरात खपली अनेक पोती! पुढे कित्येक वर्षे या कोड्याला ॲलनचेच नाव राहिले.

उलगडा गोठ्यात आहे. गायीचे वजन तीन-चारशे किलो. वर्षाला ती दूध देते त्याच्या कितीतरी जास्त. कुणी गायीला तोलून दुधाचा अंदाज करत नाही. किंवा मेथीचा वाफा घ्या. आज उपटून तोलला तर एवढासा, पण वर्षात त्याच वाफ्यात किती वेळा पेरतो आणि काढतो? ओढ्यातले किडे तसेच भराभर वाढतात, उडून जातात, अंडी घालतात, पुन्हा पुढची पिढी. एखाद्या दिवशी तळाशी दिसतो तो उभा माल, उत्पन्न नव्हे. शास्त्रज्ञांचा ढोबळ ठोकताळा असा की एक पिढी आपल्या हयातीत सरासरी उभ्या मालाच्या पाचपट वजन तयार करते. त्यातले बहुतेक वाटेतच कुणीतरी खाते. थंड देशात पुष्कळ किड्यांची वर्षाला एकच पिढी होते, काहींना तर दोन-तीन वर्षे लागतात. आपल्याकडे पाणी उबदार, म्हणून लहान जातींची एक पिढी काही आठवड्यांत उरकते. वर्षात दहा पिढ्या झाल्या तर उभ्या मालाच्या पन्नासपट उत्पन्न! काकींच्या पाच किलोचे मग अडीचशे किलो होतात. ॲलनच्या कोड्यात आणखी एक गोष्ट होती. वाळू-खड्यांच्या खाली खोलवर राहणारे किडे चौकटीत येतच नाहीत, ते मोजणीतून सुटतात.

उष्ण देशांचे हे वेगळेपण फार उशिरा ध्यानात आले, कारण बहुतेक सूत्रे थंड देशांत तयार झाली. तिकडच्या किड्याची ठेवण वेगळी, आपल्याकडच्याची वेगळी. शेजारच्या वाणाचे उत्पन्न आपल्या वाणाला लावावे, तशातली गोष्ट. व्हेनेझुएलातील क्लॉडिया क्रेसा यांनी म्हणून उष्ण कटिबंधातल्या किड्यांची स्वतःची सूत्रे काढून १९९९ मध्येच प्रसिद्ध केली. हाँगकाँगच्या डेव्हिड डजन यांचा आशियातल्या उष्ण प्रदेशातील ओढ्यांवरचा मोठा ग्रंथही त्याच वर्षीचा. त्या एका वर्षात एवढे काय झाले होते कुणास ठाऊक! आपल्या देशात के. ए. सुब्रमण्यन आणि के. जी. शिवरामकृष्णन यांनी भारतातल्या पाणकिड्यांची ओळख करून देणारे पुस्तक २००७ मध्ये काढले. इंग्रजीत आहे, पण चित्रे बघून मुले ओळखू शकतात. आम्ही वापरले ते अमेरिकन सूत्रच. त्यामुळे आमचा आकडा अगदी नेमका नाही. पण आम्हाला दोन ठिकाणांची तुलना करायची होती, आणि दोन्हीकडे एकच माप लावले तर मापातली चूक दोघांच्या वाट्याला बरीचशी सारखी येते.

वरचे आणि खालचे

आता मूळ भांडणाकडे येऊ. आम्ही दोन जागा निवडल्या. एक पंप धुण्याच्या जागेच्या वर आणि एक खाली. दोन्ही खळाळत्या पाण्याच्या, सारख्याच दगडांच्या. डोहाची तुलना खळाळाशी करायची नाही, काळ्या रानाची माळाशी करत नाही तसेच. प्रत्येक ठिकाणी पाच चौकटी. चौकटीची जागा पाठमोरे उभे राहून मागे खडा फेकून ठरवली, म्हणजे कुणी म्हणायला नको. वरच्या आळीची दोन माणसे आणि खालच्या आळीची दोन, अशी पंचकमिटी परातीभोवती बसली होती. शाळेतली मुले लांबी वाचत होती, काकींची सून वहीत लिहीत होती.

आधी नुसती मोजणी झाली, आणि खालच्या आळीने जल्लोष केला. खालच्या परातीत जीव जास्त होते! "बघा, आमच्या खाली तर किडं वाढल्यात, इख कुठाय?" क्षणभर मीही गोंधळलो. मग लांबीचा हिशोब झाला आणि पारडे फिरले. खालचे जे होते ते बहुतेक बारीक रक्तअळ्या आणि गांडुळासारखे किडे. वजनाला काहीच नाही. वरच्या परातीत संख्या कमी, पण त्यात स्टोनफ्लाय होत्या, चतुराची मोठी पिल्ले होती, जाळे विणणाऱ्या अळ्या होत्या, मोठाले मेफ्लाय होते. खाली त्यांतली एकही स्टोनफ्लाय नव्हती. वजन वरच्याच ठिकाणी पुष्कळ जास्त भरले. ज्या किड्याला वाढायला महिनोन्महिने लागतात, त्याला दर पंधरवड्याला पंपाचे पाणी सोसत नाही. रक्तअळीची पिढी दोन फवाऱ्यांच्या मध्येच उरकते.

माशाला संख्या नको, घास हवा. तळाशी चरणाऱ्या मुऱ्याला एक मोठा मेफ्लाय मिळणे आणि पन्नास चिमुकल्या अळ्या शोधत फिरणे यात फरक आहे.

मी तिथे लगेच निकाल दिला नाही. खालच्या जागेवर जनावरे धुतात, कपडे धुतात, आणि नव्या रस्त्याची माती पावसात तिथेच येते. रक्तअळ्या अशा घाणीतही वाढतात. एका दिवसाच्या परातीवरून कुणाला फाशी देऊ नये. पण पायरेथ्रॉईड जातीची कीटकनाशके पाण्यातल्या किड्यांना आणि माशांना अतिशय घातक असतात आणि इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे मेफ्लायला फार थोड्या प्रमाणातही मारतात, हे पक्के ठाऊक आहे. काकींच्या मुलाच्या खोलीत दोन्हींच्या बाटल्या होत्या. एक गोष्ट मात्र वरच्या आळीलाही सांगावी लागली. मासे मारायला डोहात औषध टाकणे हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. त्यावर वरच्या आळीतले एक आबा एकदम खाली बघू लागले, एवढेच सांगतो.

काकींच्या मुलाला मी सर्वांसमोर १९९७ ची हकिगत सांगितली. माझी चूक होती, त्याची नव्हे, हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग पानी कुठं टाकू? रानात टाकलं तर रान जळंल."

रान जळत नाही. पंपात थोडे साधे पाणी घालून, हलवून, ते त्याच पिकावर फवारून टाकायचे. असे तीन वेळा. बाटलीही तशीच तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचे, आणि मग बाटलीला भोक पाडायचे, म्हणजे कुणी तेल-रॉकेलला वापरणार नाही. धुण्यासाठी पाणी ओढ्यातून घागरीने वर आणायचे, पंप खाली न्यायचा नाही. ओढ्याकाठच्या दोन-तीन सऱ्या फवारायच्या नाहीत, तिथे गवत वाढू द्यायचे. त्या दोन सऱ्यांवरून त्याने माझ्याशी तासभर हुज्जत घातली. शेवटी एक सरी आणि बांधावरचे गवत, यावर तडजोड झाली.

पावसाळ्यानंतर, २०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा चौकटी टाकल्या. दोन्हीकडे वजन घटलेले होते. वरची आळी घाबरली. पण पुराचे पाणी दगडच लोळवते, त्यावरचे किडे कसे टिकतील? आपल्या मोसमी पावसाच्या मुलखात ओढ्याचा माल पावसात उतरतो आणि उन्हाळ्याकडे चढतो. जून ते सप्टेंबरचा आकडा फेब्रुवारीच्या आकड्याशी लावणे म्हणजे पेरणीच्या दिवशी शेतात पीक नाही म्हणून रडण्यासारखे. तुलना त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करायची.

ओढ्यातला माल पाण्यातच राहत नाही, हेही तेव्हाच पोरांना दाखवले. संध्याकाळी मेफ्लाय पंख फुटून थव्याने उडाले आणि पाकोळ्या त्यांच्यावर तुटून पडल्या. जपानात नाकानो आणि मुराकामी यांनी २००१ साली एका जंगलातल्या ओढ्याकाठच्या पक्ष्यांचा हिशोब लावला, तर त्यांच्या वर्षाच्या गरजेपैकी सुमारे पाव हिस्सा ओढ्यातून उडालेल्या किड्यांवर भागत होता. टोमॅटोवर येणारे कोळी आणि चतुरही त्याच पंगतीतले.

२०२५ च्या फेब्रुवारीत तिसरी मोजणी झाली. खालच्या जागेवर रक्तअळ्या होत्याच. वजन वरच्या जागेच्या अजून पुष्कळ मागे होते. पण पाचव्या चौकटीत काकींच्या नातवाला एक स्टोनफ्लाय सापडली, नऊ मिलिमीटरची. वरून वाहून आली असेल, की इथेच वाढली असेल, ते एका किड्यावरून सांगता येत नाही. वरच्या आळीचे म्हणणे, ती त्यांचीच. काकींनी वहीत तारीख घालून लिहून ठेवली आहे आणि ओढणी धुऊन, घडी घालून फडताळात ठेवली आहे. दर माघात आम्ही परातीभोवती बसतो.